दहा वजा करून

गल्लीत मिस्त्रींना कुणी नावानं हाक मारत नाही. नाव आहे त्यांना, चांगलं चार अक्षरी आहे, पण पोस्टमन सोडला तर ते कुणाच्या लक्षात नाही. मिस्त्री म्हटलं की गल्लीच्या टोकाचं निळं शटर, उंबऱ्यात सांडलेला भुसा आणि शटराबाहेर ठेवलेली तीन पायांची खुर्ची. साऱ्या गल्लीच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या माणसाची स्वतःची खुर्ची लंगडी का, हे विचारून विचारून लोकांनी हात टेकले. कानामागची पेन्सिल तर जेवतानाही जागची हलत नाही. मुलीच्या लग्नाच्या फोटोत सगळे नटूनथटून उभे आहेत आणि मिस्त्रींच्या कानामागे पेन्सिल आहे.

वर्कशॉप मिस्त्रींचं, असं बाहेरच्यांना वाटायचं. आत पाऊल टाकलं की कळायचं, ते दोघांचं आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात बायको डबा घेऊन आली होती. मिस्त्री एका कपाटाचं माप घेत होते आणि टेपचं टोक धरायला तिसरा हात हवा होता. “जरा धर गं,” ते म्हणाले. तिनं धरलं, आणि मग ते आयुष्यभर सोडलं नाही.

तिच्याकडे दोन कामं होती. पहिलं मापाचं. त्यांचा पहिला टेप होता त्याचं टोकाचं हूक वाकलेलं होतं. शून्यापासून मोजलं की माप थोडं खोटं यायचं. तिनं त्यावर सरळ उपाय काढला. शून्याच्या नादाला लागायचंच नाही. टेपवरचा दहाचा आकडा कडेला लावायचा आणि तिथून मोजायचं. येईल त्या आकड्यातून दहा वजा केले की खरं माप. आता हे दहा वजा कुणी करायचे, यावरून त्या दोघांचं संसारातलं पहिलं भांडण झालं.

“अगं, तूच दहा कमी करून सांगत जा ना.”

“टेपवर दिसतं ते मी सांगणार. खोटं कशाला बोलू? वजाबाकी तुमची तुम्ही करा.”

“आणि विसरलो तर?”

“तर लाकूड वाया जाईल. म्हणजे मग पुन्हा विसरणार नाही.”

मिस्त्री दोनदा विसरले. दोन्ही वेळा तिनं महिनाभर चिडवलं. त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली ती कायमची. पुढे नवे टेप आले, सरळ हुकांचे, पण तिची पद्धत बदलली नाही. नव्या हुकाचा तरी काय भरवसा, म्हणायची. वर्कशॉपच्या या टोकाहून ती ओरडायची, “एकशे पंचवीस!” आणि त्या टोकाला मिस्त्री एकशे पंधरावर करवत लावायचे. त्यात हिशेब असा काही उरलाच नव्हता. आकडा कानात शिरायचा आणि हातात उतरेपर्यंत दहानं लहान व्हायचा. फळी जागेवर ठोकून बसवली की मिस्त्री म्हणायचे, “बसली गं!” आणि ती म्हणायची, “न बसून सांगते कुणाला!”

दुसरं काम वायरीचं. ड्रिल, गोल करवत, घासायचं मशीन, सगळ्यांना लांबलचक वायरी. मिस्त्री पुढे सरकले की ती मागून वायर उचलून धरायची, टेबलाच्या कोपऱ्यावरून सोडवायची, पायाखालून काढून घ्यायची. कुणी विचारलं की सांगायची, “यांना काम येतं, चालता येत नाही.” शेजारच्या गाळ्यातला घड्याळवाला हे ऐकून दर वेळी तेवढ्याच जोरात हसायचा. त्याला सगळे अर्धाकप म्हणतात, कारण चहा कितीही वेळा विचारा, तो म्हणणार अर्धाच कप, आणि दिवसभरात असे अर्धे अर्धे किती पितो ते त्यालाच माहीत.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. दुखणं फार लांबलं नाही. लोक म्हणाले, सुटली. मिस्त्रींनी मान डोलावली, पण त्यांना लोकांचा राग आला. ती कशातून सुटायला बघत होती, हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं. घरात तिच्या नसण्याची त्यांना हळूहळू सवय झाली, कारण घरी ते झोपायलाच जात. वर्कशॉपात होईना. शटर वर केलं की आतली शांतता अंगावर यायची. मशीन चालू असलं की बरं वाटायचं, बंद केलं की पुन्हा तेच.

तेव्हापासून त्यांनी नवीन काही बनवलं नाही. कपाट हवंय, पलंग हवाय म्हणत लोक आले की सांगायचे, सध्या हातात काम फार आहे. हातात काम म्हणजे बिजागऱ्या, दारं रंधून सैल करणं, ड्रॉवरची मूठ बसवणं. मोजून कापावं लागेल असं एकही काम नाही. हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

मग ते पडले. टेबलाच्या पायाला वायर अडकली होती. ती सोडवायला कुणी नव्हतं, आणि नाही हे विसरून ते पुढे चालत गेले. ड्रिल एकीकडे, मिस्त्री एकीकडे. गालाला खरचटलं, मनगट सुजलं, बाकी काही नाही. पण अर्धाकपच्या पोटात काही राहत नाही. त्यानं मिस्त्रींच्या मुलीला फोन केला.

मुलगी दुसऱ्या शहरात असते. ती पहिल्या गाडीनं आली, येताना दोन जड पिशव्या घेऊन आली. पिशव्यांतून बिनवायरचं ड्रिल निघालं, स्क्रू पिळायचं मशीन निघालं, गोल करवत, घासायचं मशीन, बॅटऱ्या, चार्जर. सगळं एका रंगाचं, खेळण्यासारखं चकचकीत. मिस्त्रींनी ड्रिल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं.

“याला वायरच नाही.”

“म्हणून तर आणलं, बाबा.”

“मग मागून धरायचं काय?”

मुलीनं वर्कशॉपभर नजर फिरवली. जमिनीवर डबे, जमिनीवर तुकडे, जमिनीवर जुन्या मशीनच्या वायरींची वेटोळी. मग ती आईच्याच आवाजात बोलली, म्हणजे हळू, पण वाद घालायला जागा न ठेवता. “पुढच्या रविवारी मी येते. तोवर जमिनीवर एक वस्तू दिसता कामा नये. या मशीनना भिंतीवर जागा करा, आणि स्वतः करा, कुणाला हाताशी न घेता. एकट्या माणसाला चालवता येईल असं हे वर्कशॉप दिसलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही दिसलं तर शटर खाली, आणि तुम्ही माझ्याकडे. खोली तयार आहे.”

खोली मिस्त्रींनी पाहिली होती. छान होती. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या. तिथं भुसा पडायची शक्यताच नव्हती. जावई भला माणूस होता, नातू मांडीवर चढायचा, जेवण वेळेवर मिळायचं, आणि चार दिवसांत मिस्त्रींच्या हातांना काय करावं ते कळेनासं व्हायचं. वर्कशॉप गेलं तर आपण पाहुणे होणार, मरेपर्यंत पाहुणे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते म्हणाले, “ये रविवारी.”

सोमवारी त्यांनी मशीनना भेटून घेतलं. भेटून म्हणजे एकेक हातात घेऊन, कुठे जाड, कुठे बारीक, तोल कुणीकडे, ते पाहिलं. ड्रिलची मूठ मधे बारीक, खाली बॅटरी रुंद. म्हणजे फळीला पुढच्या कडेनं लांबट खाच पाडली तर मूठ खाचेत सरकेल, ड्रिलचं धड फळीवर टेकेल आणि बॅटरी खाली लोंबत राहील. एका हातानं काढता येईल, एका हातानं ठेवता येईल. खालची फळी खाचांची. तिच्यावर करवतीसाठी एक फळी, घासायच्या मशीनसाठी एक. सगळ्यात वर चार्जरची. विचार करता करता त्यांना बरं वाटू लागलं, आणि बरं वाटतंय म्हणून जरा अपराधीही वाटलं.

जागा ठरली खांब आणि खिडकीच्या चौकटीच्या मधली. दोन उभ्या बाजू त्यांनी भिंतीला पक्क्या केल्या, एक खांबाला चिकटून, एक चौकटीला चिकटून. ओळंबा लावला, गुण्या लावला, सगळं सरळ. अर्धाकप कप हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला.

“मिस्त्री, दुसरं टोक धरू का?”

“नको.”

“नुसतं धरतो हो. कुणाला सांगणार नाही.”

“तू? आणि सांगणार नाहीस?”

अर्धाकप हिरमुसून निघून गेला. मिस्त्रींनी दोन बाजूंच्या मधलं अंतर मोजलं. टेपचं हूक एका बाजूला अडकवलं, दुसऱ्या बाजूपर्यंत ओढलं. नव्वद. वर मोजलं, खाली मोजलं, नव्वद. त्यांच्याकडे चांगल्या सागाच्या जुन्या फळ्या होत्या. बायकोनंच कुठल्याशा मोडलेल्या दुकानातून उचलून आणलेल्या आणि ‘चांगल्या कामाला’ म्हणून राखून ठेवलेल्या. चांगलं काम काही कधी आलं नव्हतं. मिस्त्रींनी चार फळ्या खाली घेतल्या. सारख्या मापाच्या म्हणून तीन एकदम टेबलावर रचून शिकंज्यात धरल्या, बिनवायरची करवत चालवली आणि एका दमात कापल्या. करवतीनं लोण्यासारखं काम केलं. ते मनातल्या मनात म्हणाले, पोरीनं वस्तू बरी आणली हो.

मग पहिली फळी उचलून ते भिंतीपाशी गेले. डावं टोक बाजूला टेकवलं. उजवं टोक हवेत राहिलं. तिथं चांगली वीतभर नसेल, पण चार बोटांहून जास्त फट होती.

आधी त्यांनी करवतीला शिव्या घातल्या. वायर नसलेल्या वस्तूचं काही खरं नाही, म्हणाले. मग उभी बाजू सरकली असेल म्हणून पाहिलं. ती हलली नव्हती. मग फळी मोजली. बरोबर ऐंशी. केसाचाही फरक नाही. इतकं नेमकं चुकलेलं माप त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दुसरी ऐंशी, तिसरी ऐंशी.

मिस्त्री फळी हातात धरून उभे राहिले, आणि मग त्यांना कळलं. कोरा टेप, सरळ हूक, शून्यापासून घेतलेलं माप, ते त्यांचं होतं. वजा केलेले दहा तिच्या मापातले होते. नव्वद हा आकडा डोक्यात आला आणि हातानं, इतकी वर्षं करत आला तसे, त्यातून दहा काढून टाकले. ती नाही हे त्यांना माहीत होतं. हाताला नव्हतं.

ते भुशातच खाली बसले आणि रडले. अंत्यविधीच्या दिवशी रडले नव्हते. तेव्हा लोक होते, कुणाला पाणी हवं होतं, कुणाला गाडी हवी होती. आता कुणाला काही नको होतं. शेजारच्या गाळ्यात घड्याळं आपापल्या वेळेनं ठोके देत होती. अर्धाकपनं नक्की ऐकलं असणार, कारण त्यानं रेडिओ लावला आणि आवाज मोठा केला. तेवढी समज त्या माणसाला होती.

उठल्यावर मिस्त्रींनी रागानं नव्हे, थकून विचार केला. तीन फळ्या गेल्या होत्या. चौथी, चार्जरची, तेवढी शिल्लक होती, आणि तिला हात लावायचं त्यांना धाडस होईना. पुन्हा तेच झालं तर? पोरीचं म्हणणं खरं होतं. एकट्यानं काम करणं म्हणजे नुसती पडझड टाळणं नव्हे. ज्याचा हात अजून दुसऱ्या कुणाच्या आकड्यावर चालतो, तो एकटा कसला काम करणार? रविवारी शटर खाली येणार, हे त्यांनी त्या संध्याकाळी जवळजवळ मान्य करून टाकलं.

तरी रॅक अर्धवट टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खिडकीकडची उभी बाजू त्यांनी काढली आणि आत सरकवून पुन्हा ठोकली. आखूड फळ्या आता बरोबर बसल्या. खाचा पाडल्या, कानसीनं गोल केल्या, घासल्या. ड्रिल आणि स्क्रू पिळायचं मशीन खाचांत सरकली आणि लोंबू लागली. करवत तिच्या जागी, घासायचं मशीन त्याच्या जागी. रॅक देखणा झाला. फक्त त्याच्या आणि खिडकीच्या मधे भिंतीचा एक उभा पट्टा रिकामा राहिला, त्यात आधीच्या स्क्रूची भोकं. मिस्त्रींनी तिथं एक खुंटी मारली आणि जुन्या मशीनची लांब वायर गुंडाळून तिला अडकवली. टाकून द्यायला मन होईना, आणि जमिनीवर ठेवायची नव्हती.

रविवारी मुलगी आली. जमीन झाडलेली होती. तिनं ड्रिल काढून पाहिलं, ठेवून पाहिलं. “अगदी छान झालंय, बाबा,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडी निराशाही होती. खोलीत तिनं नवे पडदे लावले होते. मग तिची नजर त्या पट्ट्यावर गेली. सुताराच्याच घरात वाढलेली मुलगी.

“हे एवढं का सोडलंत?”

मिस्त्रींकडे उत्तरं तयार होती. वायर लटकवायला. हवा खेळावी म्हणून. खिडकी उघडताना लागू नये म्हणून. तिन्ही उत्तरं चांगली होती आणि कुणालाही पटली असती. वर्कशॉप हातात राहायचं तर त्यातलं एक बोलायचं होतं, बस.

“चुकलं,” ते म्हणाले.

“तुमचं? माप?”

“माप बरोबर घेतलं. कापताना दहा वजा झाले.” आणि मग त्यांना थांबवेना. “तीनही फळ्यांना. मला कळलंसुद्धा नाही गं. वरची फळी अजून कापली नाही, भीती वाटते. तू म्हणतेस ते खरं आहे. मला एकट्यानं नाही येत.”

मुलगी त्या पट्ट्याकडे बघत राहिली. लहानपणी शाळेतून आली की ती याच टेबलाखाली बसून गृहपाठ करायची आणि डोक्यावरून आकडे जायचे. एकदा गणिताच्या पेपरात तिनं प्रत्येक उत्तरातून दहा वजा केले होते आणि मार खाल्ला होता. आईनंच शाळेत जाऊन बाईंना समजावलं होतं. मुलीनं डोळे पुसले. पिशवीतून गाडीचं तिकीट काढलं, पाहिलं, परत ठेवलं. त्या पिशवीत मिस्त्रींचंही तिकीट होतं.

“मग दहापासून मोजा ना,” ती म्हणाली.

“काय?”

“आई मोजायची तसं. हात वजा करतोच आहे तर करू दे त्याला.”

मिस्त्रींना हे सुचलंच नव्हतं. दहापासून मोजणं हे तिचं काम होतं. त्यात आपण हात घालायचा असतो, हे इतक्या वर्षांत त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मुलगी पुढे म्हणाली, “पडदे राहू देत. सुट्टीत या. आणि फोन उचलत जा, बाबा, तो कानामागे ठेवता येत नाही म्हणून विसरता तुम्ही.”

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. अर्धाकपनं तिची पिशवी रिक्षापर्यंत नेली. मिस्त्री परत आले, शटर अर्धं खाली ओढलं आणि दिवा लावला. त्यांनी मागितलं होतं ते मिळालं होतं. वर्कशॉप त्यांचं होतं, आणि त्यात ते एकटे होते.

चौथी फळी टेबलावर पडून होती. ती रॅकच्या डोक्यावरून खांबापासून थेट खिडकीपर्यंत जायची होती, रिकामा पट्टा आणि दोन्ही उभ्या बाजूंची जाडीही तिच्याखाली येणार होती. मिस्त्रींनी टेप काढला. हूक बोटानं मागे सारलं, दहाचा आकडा खांबाच्या कडेला लावला आणि खिडकीपर्यंत ओढला. मग घसा खाकरला. मोठ्यानं बोलायला लाज वाटत होती, पण मनातल्या मनात मोजून काय झालं होतं ते पाहिलं होतंच.

“एकशे चार!” ते ओरडले.

टेप खिशात टाकून ते वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाला गेले. विचार केला नाही. पेन्सिलीनं खूण केली, करवत लावली, कापलं. मागे ओढायला, सोडवायला वायर नव्हती. फळी घेऊन ते परत आले, स्टुलावर चढले, एक टोक खांबाला टेकवलं आणि दुसरं तळहातानं हळूहळू ठोकत खाली दाबलं. फळी खिडकीच्या चौकटीला घासत उतरली आणि घट्ट बसली. कुठेही फट नव्हती.

“बसली गं,” मिस्त्री म्हणाले.

ते स्टुलावर तसेच उभे राहिले, फळीवर हात ठेवून, तिला बोलायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ. मग खाली उतरले आणि बॅटरी चार्जिंगला लावली.